मदत हवी आहे: नेम्ड पाइप अडकतो, वजनाची पावती निघत नाही

काटेकोर:
उसाच्या काट्यावर एक प्रोग्राम वजन नेम्ड पाइपात (दोन प्रोग्राममधला डेटाचा मार्ग, दिसतो फाइलसारखा) लिहितो, दुसरा वाचून पावती छापतो. सकाळी पहिली पावती निघते, मग सगळं ठप्प. एररही नाही. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेलीय. लवकर सांगा.

खटपट्या:
विंडोजवर सर्व्हरने आधी पाइप तयार करावा लागतो, मग क्लायंट जोडायचा. तिथे एकाच पाइपातून दोन्हीकडे बोलता येतं, नेटवर्कवरूनही चालतं. परवानग्या तपासा.

काटेकोर:
लिनक्स आहे, अर्थात.

खटपट्या:
अर्थात कसं? पोस्टमध्ये कुठे लिहिलंय?

टर्मिनल_तात्या:
एलएस -एल (फायलींची यादी) केल्यावर ओळीच्या सुरुवातीला पी, म्हणजे पाइप, दिसतो का? पाइप चुकून पुसला गेला असेल तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) त्याच नावाची साधी फाइल गुपचूप तयार करतं आणि आपण बसतो डोकं खाजवत. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय.

काटेकोर:
पी आहे. पण साइझ शून्य! डेटा जातच नाही म्हणजे.

टर्मिनल_तात्या:
शून्यच दिसणार. डिस्कवर फक्त नाव असतं, माल कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, मेमरीतून जातो. लिनक्सवर एरवी 64 केबी मावतो; भरला की लिहिणारा थांबतो. पण तुमची वजनं एवढी नसणार. दोन्हीकडचा कोड टाका ना राव.

ऊसकरी:
काट्यावर आहात तर आधी हे सांगा, टनामागे किती किलो मारता?

काटेकोर:
काका, मी पावतीचा माणूस. काटा वजनमापवाले तपासून शिक्का मारून जातात.
तात्या, वजन स्थिर झालं की शेल स्क्रिप्ट इको कमांडने ते पाइपात टाकते. पायथन पाइप उघडतो आणि फॉर लूपने एकेक ओळ छापतो. बस, एवढंच.

खटपट्या:
बफरिंग! लिहिलेलं मध्येच साठून राहतंय. पायथनला -यू लावा.

काटेकोर:
लिहिणारा पायथन नाहीच. वाचा की जरा.

सॉकेटवाली:
पाइप सोडा, युनिक्स सॉकेट (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांमधलं दुहेरी कनेक्शन) घ्या. उद्या दुसरा काटा आला की दोघं एकाच पाइपात लिहिणार आणि वजनांची खिचडी होणार.

टर्मिनल_तात्या:
ताई, होत नाही खिचडी. एका वेळचं लिखाण 4096 बाइटपर्यंत असेल तर लिनक्स ते मध्ये तोडत नाही. गाडीचा नंबर त्याच ओळीत घालायचा.
काटेकोर, अडकल्यावर पीएस (चालू प्रोग्रामांची यादी) करून बघा. पायथन जिवंत आहे का?

काटेकोर:
नाहीये!! इको मात्र लटकलेला दिसतोय.

टर्मिनल_तात्या:
मग सापडलं. तुमचा प्रत्येक इको पाइप उघडतो, लिहितो, बंद करतो. शेवटचा लिहिणारा निघून गेला की वाचणाऱ्याला वाटतं फाइल संपली. फॉर लूप आटोपला, पायथन घरी गेला. पुढचा इको पाइप उघडायला जातो आणि पलीकडे वाचणारा नाही म्हणून उघडण्यातच बसून राहतो. एरर कुठून येणार? तो बिचारा नुसता वाट बघतोय.
स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एक्झेक कमांड वापरून पाइप लिहिण्यासाठी डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) 3 वर उघडा आणि इको 3 कडे वळवा. बंद करू नका. ती ओळ पायथन सुरू होईपर्यंत थांबेल, घाबरू नका.

सॉकेटवाली:
आणि स्क्रिप्ट रीस्टार्ट झाली की? पायथन परत बाहेर. पाइप उघडणं आणि वाचणं दोन्ही व्हाइल ट्रू (कायम फिरणारा लूप) मध्ये टाका, फाइल संपली की पुन्हा उघडा.

टर्मिनल_तात्या:
हे मान्य. उलटंही आहे: पायथन मेला आणि इकडून लिहिलं तर सिगपाइप (पलीकडे वाचणारा नाही असा सिग्नल) बसून स्क्रिप्टच मरते. दोघांनाही सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम) आपोआप उठवायची सोय करून ठेवा.

सॉकेटवाली:
एवढे सोपस्कार करण्यापेक्षा सॉकेट बरं, मी तेच म्हणत होते.

टर्मिनल_तात्या:
सॉकेटचा पलीकडचा मेला की तिथेही सिगपाइपच येतो, ताई.

काटेकोर:
दोन्ही केलं. अकरा पावत्या सलग निघाल्या! तात्या, ताई, आभार. पळतो, हॉर्न वाजतायत.

ऊसकरी:
अकरा गाड्यांची रिकामी वजनं पण घेतली का?