नडगी दुखतेय, पण घरी बसवत नाही! मदत हवी आहे
मंडळी, वय 43, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची 21 किमी पळायची आहे. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती आठवड्याला 20 किमी छान चाललं होतं. पाऊस थांबला आणि उत्साहाच्या भरात एकदम 35 वर गेलो. आता घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या आतल्या बाजूला दाबलं की कळ येते, दादरचा पूल उतरतानासुद्धा. चार दिवस थांबलो, बरं वाटलं. ग्रुपवरचे पहाटेचे फोटो बघून राहवेना, पळालो, परत तेच. (बायको म्हणते दुखणं डोक्यात आहे.) नेमक्या एकाच जागी दुखलं तर हाडाला बारीक चीर असू शकते, म्हणून उद्या हाडांच्या डॉक्टरकडे जातोच आहे. पण ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा, न पळण्याचे दिवस कसे काढलेत? आणि परतताना किती किलोमीटरपासून सुरुवात केलीत?