मदत हवी आहे: त्रिमितीय मॉडेलमधून तिरके छेद कसे काढावेत?

सर्व जाणकारांना नमस्कार. बेळगावच्या पश्चिमेकडील एका सड्यावरील (सपाट माथ्याच्या पठारावरील) बॉक्साइटचे त्रिमितीय मॉडेल मी सरपॅक या खाणकामाच्या संगणकप्रणालीत तयार केले आहे. वर जांभा, त्याखाली बॉक्साइट, मग लिथोमार्ज (खडक कुजून झालेली चिकण) माती आणि तळाशी दख्खनचा बेसाल्ट, असा क्रम आहे. बॉक्साइट सलग थरात नसून भिंगाकृती कप्प्यांत आहे आणि काही ठिकाणी त्याची जाडी जेमतेम दोन मीटर भरते, त्यामुळे छेदात (मॉडेल उभे कापून मिळणाऱ्या चित्रात) मीटरभराचा फरकही परवडत नाही.

बोअरच्या (तपासणीसाठी घेतलेल्या वेधनछिद्रांच्या) रांगा सड्याच्या कडेला काटकोनात असल्याने छेदरेषा मॉडेलच्या जाळ्याला तिरकी येते. छेदप्रतलाच्या दोन्ही बाजूंना पंधरा मीटरचा पट्टा धरला की बाजूचे बोअर प्रतलावर प्रक्षेपित होतात आणि जिथे थराला उतार आहे तिथे बोअरमधील बॉक्साइटचा तळ व सॉलिड (मॉडेलमधील थराचा बंदिस्त त्रिमितीय आकार) कापून मिळालेली रेषा जुळत नाहीत. पट्टा अरुंद केला तर बोअरच छेदातून वगळले जातात. प्रत्येक बोअरमधून जाणारा मोडता (बोअरगणिक दिशा बदलणारा) छेद घेतल्यास थरांचे संपर्क तंतोतंत जुळतात, परंतु छेदांमधील अंतर समान राहत नसल्याने त्यांच्या क्षेत्रफळांवरून साठा काढणे मला योग्य वाटत नाही.

तेव्हा साठ्यासाठी सरळ समांतर छेद आणि तपासणीसाठी मोडते छेद, असे दोन संच ठेवावेत का? शिवाय ऑटोकॅडमध्ये नेल्यावर छेद मूळ निर्देशांकांतच उतरतो आणि वरून पाहता नुसती एक रेघ दिसते. छेदरेषेवरील अंतर आडव्या अक्षावर, उंची उभ्या अक्षावर आणि उभे प्रमाण पाचपट, असे रूपांतर ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया पायऱ्या सविस्तर लिहाव्यात.