नक्कल उशिरा मिळाल्यास दिवाणी अपिलाची मुदत कोणत्या तारखेपासून मोजावी?

बांधकरी (५ ऑगस्ट):
नमस्कार. आमच्या बांधालगतच्या सुमारे तीन गुंठ्यांच्या पट्ट्यावर वडिलांनी अतिक्रमण केल्याचा शेजाऱ्यांचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांनी ९ जून २०२५ रोजी मंजूर केला आणि पट्टा मोकळा करून देण्याचा हुकूम केला. आम्ही २५ जूनला निकालाच्या नकलेसाठी (न्यायालयाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीसाठी) अर्ज केला, परंतु भातलावणीच्या गडबडीत ती आणायला २१ जुलै उजाडला. नक्कल हातात पडल्यापासून ३० दिवस, म्हणजे २० ऑगस्टपर्यंत वेळ आहे, असे गावातील जाणती मंडळी सांगतात. हे बरोबर आहे का?

कोर्टाची पायरी:
तीस काय, नव्वद दिवस असतात. आमच्या प्रकरणात वकिलांनी नव्वदच सांगितले होते, त्यामुळे आपण निश्चिंत राहावे.

जुना कारकून:
कृपया निश्चिंत राहू नका. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ११६ प्रमाणे उच्च न्यायालयात करायच्या अपिलाला ९० दिवस आणि इतर न्यायालयातील अपिलाला ३० दिवस आहेत. वरील सदस्यांचे अपील बहुधा उच्च न्यायालयात असावे. आपले मात्र जिल्हा न्यायालयात जाईल. शिवाय हे दिवस हुकूमनाम्याच्या (निकालानुसार काढलेल्या औपचारिक हुकमाच्या) तारखेपासून मोजले जातात, आणि हुकूमनामा कागदावर दोन आठवड्यांनी उतरला तरी त्यावर तारीख निकालाचीच पडते.
नकलेसाठी लागलेला काळ कलम १२ खाली वगळला जातो हे खरे, पण तो अर्जाच्या दिवसापासून नक्कल तयार होईपर्यंतचाच. तयार नक्कल खिडकीवर पडून राहिली, तर ते दिवस आपल्याच खात्यावर पडतात. नकलेच्या शेवटच्या पानावरील शिक्क्यात अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि नक्कल दिल्याची अशा तारखा असतात. त्यातली मधली तारीख कोणती, ते कळवावे.

बांधकरी:
शिक्का पाहिला. नक्कल तयार झाल्याची तारीख ११ जुलै आहे. हे पान मी आजवर उलटूनही पाहिले नव्हते.

जुना कारकून:
मग हिशेब असा होतो. निकालाचा दिवस सोडून ३० दिवस ९ जुलैला संपतात. २५ जून ते ११ जुलै हे दोन्ही दिवस धरून नकलेचे १७ दिवस वाढवले, की २६ जुलै येतो. तो चौथा शनिवार होता आणि दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे कलम ४ च्या आधारे सोमवारी, २८ जुलैला अपील दाखल झाले असते तर ते मुदतीत धरले गेले असते. आता विलंब झालेलाच आहे. तो मोजताना २७ जुलैपासून मोजावा, कारण कलम ४ न्यायालय उघडण्याच्या दिवशी दाखल करण्याची मुभा देते, मूळ मुदत वाढवत नाही. ७ ऑगस्टला दाखल केल्यास १२ दिवसांचा विलंब होईल.

तालुका वकील:
वरील हिशेबाशी मी सहमत आहे. बारा दिवसांच्या विलंबाने खचून जाण्याचे कारण नाही. मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ३अ प्रमाणे अपिलासोबतच मुदत अधिनियमाच्या कलम ५ खालील विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. अनंतनागचे भूसंपादन कलेक्टर विरुद्ध कातिजी या १९८७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक दिवसाच्या विलंबाचे स्पष्टीकरण मागताना व्यवहार्य दृष्टी ठेवावी असे म्हटले, हे खरे. पण त्या आधारावर आणखी आठवडाभर घरी बसणे शहाणपणाचे नाही. प्रतिज्ञापत्रात आजारपणाची वगैरे ठरावीक कारणे घालू नयेत. लावणी चालू होती, मुदत नक्कल मिळाल्यापासून मोजतात असा प्रामाणिक गैरसमज झाला आणि तो अमुक तारखेला दूर झाला, हे जसे घडले तसे लिहावे. निव्वळ कायद्याचे अज्ञान पुरेसे कारण ठरेलच असे नाही, म्हणून तारखांचा क्रम नेमका असावा.
आपल्या बाबतीत मला अधिक काळजी स्थगितीची वाटते. केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. निकाल देणाऱ्या न्यायालयाकडून स्थगिती मागण्याची सोय अपिलाची मुदत संपण्यापूर्वीच असते, ती आपल्या हातून गेली. त्यात नियम ३अ च्या तिसऱ्या पोटनियमाप्रमाणे, विलंब माफीचा अर्ज असेल तेथे अपील ऐकायचे असे ठरेपर्यंत अपील न्यायालयालाही स्थगिती देता येत नाही. दरम्यान शेजाऱ्यांनी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल केली, तर न्यायालयाचा बेलीफ ताबा घ्यायला बांधावर उभा राहू शकतो. म्हणून दरखास्त दाखल झाली आहे का, हे उद्याच तालुक्याला पाहावे आणि विलंब माफीचा अर्ज लवकर सुनावणीस घेण्याची विनंती अपिलासोबत लेखी द्यावी.