दुभंगलेला टाळू: आधी तारा की आधी बोन ग्राफ्ट?

प्रश्न (दंतचिकित्सक, सिन्नर)
मुलगा, वय ९. डाव्या बाजूचा ओठ, हिरडी, टाळू दुभंगलेला. ओठ आणि टाळू लहानपणीच शिवलेत. वरचा जबडा डावीकडे आत दबलाय. फटीशेजारचा पुढचा दात वळलाय, फटीत एक जादा दात डोकावतोय. घरच्यांना वाकडा दात आधी सरळ करून हवाय. करावा का?

उत्तर १ (ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दात सरळ करणारे डॉक्टर, कॉलेज रोड)
तो दात आत्ता अजिबात फिरवू नका. फटीकडच्या बाजूला त्याच्या मुळावर हाडाचा नुसता पापुद्रा असतो. मूळ फटीत सरकलं की हाडाबाहेर येतं, मग ग्राफ्ट (फटीत भरायचं, दुसरीकडून घेतलेलं हाड) घालूनही तिथे हाड मिळत नाही.
वयावर जाऊ नका, ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) डावा सुळा बघा. मूळ अर्धं ते दोनतृतीयांश तयार आणि सुळा अजून हाडात, ही ग्राफ्टची वेळ. बहुतेकांत ८ ते ११ मध्ये येते. त्याआधी क्वाड हेलिक्सने (टाळूशी बसवायची, जबडा रुंदावणारी तार) जबडा रुंद करा, मागच्यापेक्षा पुढे जास्त. रुंदावताना टाळूतलं दडलेलं छिद्र उघडं पडून नाकातून पाणी येऊ शकतं. हे आधीच सांगा, नाहीतर 'तारेनं भोक पाडलं' हे ऐकायची तयारी ठेवा!

उत्तर २ (सर्जन, पंचवटी)
जादा दात ग्राफ्टच्या ६ ते ८ आठवडे आधी काढा. ऑपरेशनच्या वेळीच काढला तर शिवायला धड हिरडी उरत नाही. टाके सुटतात, ग्राफ्ट उघडा पडतो. कीड आणि हिरड्यांची सूज आधी निपटा, ग्राफ्ट सडतो तो बहुधा त्यामुळेच. कमरेच्या हाडातलं मऊ, जाळीदार हाड घेतो. पहिले काही दिवस पोरं तोंडापेक्षा कमरेचीच तक्रार करतात.
नंतर २-३ आठवडे पेज, मऊ वरणभात. चिवडा आणि मिसळीवरची शेव बंद, नाक जोरात शिंकरणंही.

प्रश्नकर्ता
खर्चाचं? घरची परिस्थिती बेताची आहे.

उत्तर २
आरबीएसकेत (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या आरोग्याची सरकारी योजना) दुभंगलेला ओठ-टाळू १८ वर्षांपर्यंत बसतो. शाळेत येणाऱ्या पथकाकडून रेफरची चिठ्ठी घ्या. ऑपरेशन मोफत झालं तरी तारांचे पैसे कोण देणार, हे मात्र सुरुवातीलाच विचारा.

उत्तर १
आणि ग्राफ्टनंतर किमान ३ महिने रुंदी धरून ठेवा, नाहीतर जबडा पुन्हा आत येतो. मग एक्स-रे काढा. हाड भरलेलं दिसलं की घ्या तो वाकडा दात हातात.