मारहाणीबद्दल अर्जात लिहू की नको? मुलगी त्याच्याकडे राहिली आहे

अबोली३४ (रात्री १:२०)

आजवर इथे नुसती वाचत आले, लिहितेय पहिल्यांदाच. लग्नाला दहा वर्षं झाली. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेतीनचा. नवरा मारतो. पहिल्यांदा हात उचलला तेव्हा मुलगी पोटात होती. तो दारू पीत नाही, नोकरी चांगली आहे, चारचौघांत अदबीनं बोलतो. त्यामुळे माझं कुणाला चटकन खरं वाटत नाही. मुलांवर मात्र त्यानं कधी हात टाकलेला नाही. हेही सांगायलाच हवं. मुलीचा अभ्यास तोच घेतो.

एकोणीस दिवसांपूर्वी रात्री त्यानं माझं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. धाकट्याला उचललं आणि भावाकडे आले. मुलगी सासूबाईंच्या खोलीत झोपली होती, कडी आतून होती. ती तिथेच राहिली. दार वाजवायला हवं होतं, हे रोज मनात येतं. आता फोनवर बोलू देतात ते स्पीकर चालू ठेवून. ती फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणते.

दवाखान्यात टाके घालताना मी ‘जिन्यावरून पडले’ असं सांगितलं. याआधी दोनदा माहेरी येऊन परत गेलेय. पोलिसांत एकदाच गेले, तेव्हा अदखलपात्र नोंद झाली, तो कागद आहे.

भावाच्या ओळखीचे वकील म्हणतात, संमतीनं घटस्फोट घ्या, मारहाणीचा विषय काढू नका, ताब्याशी त्याचा संबंध नाही, उलट तो चिडेल आणि मुलगी हातची जाईल. नवऱ्याचाही निरोप तोच आहे, महिनाभरात सही कर. मारहाणीबद्दल लिहिलं तर खरंच मुलीचं नुकसान होईल का? आणि मुलांना मारत नाही म्हणजे कोर्टाच्या नजरेत तो चांगला बाप ठरतो का?

रेवा (सकाळी ७:०५)

अबोली, मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी असेन, म्हणून अगं-तुगं करते. दाराचं आधी बोलू. त्या रात्री तू दार वाजवलं असतंस तर कदाचित तू आणि धाकटा, दोघंही बाहेर पडला नसतात. मी दोनदा अशीच दाराशी थांबून परत फिरले होते.

माझा नवराही मुलीला मारत नसे. त्याच्या वकिलांनी हेच पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘प्रेमळ पिता’. आणि माझ्या अर्जात काय होतं? ‘मला वारंवार मारहाण होत असे’, बस्स, एवढंच वाक्य. उलटतपासणीत विचारलं, कोणत्या तारखेला? मला एकही तारीख सांगता आली नाही. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून रडले. पुढच्या तारखेपर्यंत मात्र मी शोधायला लागले.

तारखा कुठे सापडल्या सांगू? माझ्या ऑफिसच्या रजेच्या अर्जांत. डोळा सुजला की मी ‘ताप’ म्हणून दोन-तीन दिवस रजा टाकायचे. असे सात अर्ज निघाले. त्यांतल्या चार तारखांच्या आसपास बहिणीला केलेले मेसेज होते, दोन वेळचे फोटो होते. शेजारच्या काकूंना एक रात्र आठवत होती, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते. असं एकेक जुळत गेलं. तू आज वही घे आणि आठवेल तसं लिही. क्रम चुकला तरी चालेल. तारीख नाही आठवली तर ‘मुलीची पहिली सहल झाली त्या आठवड्यात’ असं लिही, तारीख नंतर शोधता येते.

ताब्यासाठी मात्र माझी सूज उपयोगी पडली नाही. तिथे प्रश्न एकच होता, मुलीवर काय परिणाम झाला? शाळेच्या वहीत बाईंनी लिहिलं होतं, ‘मोठा आवाज झाला की बाकाखाली जाते, पालकांनी भेटावे.’ ती वही मी आदल्या वर्षी लाजेनं लपवली होती. तीच मी कोर्टात दिली. समुपदेशकांनी मुलीशी तीन बैठका केल्या आणि अहवालात लिहिलं की तिला प्रत्यक्ष मार बसला नाही, पण ती रात्री आवाजाची वाट बघत जागी असायची. न्यायाधीशांनी निकालात नेमकं तेच वाक्य घेतलं. ताबा मला मिळाला. त्याला भेटी दिल्या, पहिलं वर्ष कोर्टाच्या आवारात, समुपदेशकांसमोर. सात वर्षं झाली. मुलगी त्याला अजून भेटते आणि मी कधी आडकाठी केली नाही.

दोनदा परत गेलीस त्याची लाज बाळगू नकोस. मलाही ‘मग परत का गेलात?’ असं तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. मी म्हटलं, मुलीसाठी. खरं तेच होतं.

वकीलकाका (सकाळी ९:४०)

अबोलीताई, तीस वर्षं कुटुंब न्यायालयात काढली आहेत. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असं धरून लिहितो.

पहिली गोष्ट, घाई कसली? संमतीच्या घटस्फोटासाठी कलम १३ ब खाली किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुम्ही एकोणीस दिवस बाहेर आहात. महिनाभरात सही मागतात ती कशावर, हे त्या वकिलांना विचारा. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका.

घटस्फोट आणि ताबा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढं त्यांचं बरोबर आहे. संमतीशिवाय, मारहाणीच्या कारणावरून घटस्फोट मागितला तर क्रूरता सिद्ध करावी लागते, तीही फौजदारी खटल्यासारखी निःसंशय नाही. जास्त शक्यता कुठली, हे पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये दास्ताने खटल्यात हे स्पष्ट केलं. परत नांदायला जाणं म्हणजे माफ करणं, हा मुद्दाही त्याच खटल्यातला, आणि समोरचे वकील तो काढणारच. पण त्याच निकालात हेही आहे की माफी सशर्त असते. पुन्हा छळ झाला की जुना छळ जिवंत होतो. तुमची कपाटाची रात्र म्हणूनच महत्त्वाची.

ताब्यात मुलाचं हित सर्वांत वर. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात लिहिलेलंच आहे, म्हणजे धाकट्याची फार चिंता नको. मुलगी आठ वर्षांची आहे. तिला समज असेल तर न्यायाधीश तिचं मत विचारात घेऊ शकतात, पण निर्णय फक्त तिच्या बोलण्यावर होत नाही. बायकोला मारणारा नवरा आपोआप ताबा गमावत नाही. त्या घरात मूल काय पाहतंय, काय ऐकतंय, हे दाखवावं लागतं. मारहाण लपवलीत तर हे दाखवणार कशातून? म्हणून लिहाच.

आणि वाट पाहू नका. मुलगी तिथे जितके महिने स्थिर राहील, तितकं ‘आहे तसं चालू द्या’ असं म्हणणं सोपं होतं. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सध्या भावाकडे राहता ना, तिथल्या हद्दीत चालतो. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो आणि भेटी मुलाला अपायकारक वाटल्या तर दंडाधिकारी त्या नाकारूही शकतात. कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश मिळतो. पहिली तारीख सहसा तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतं, मनाची तयारी ठेवा. संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेले अधिकारी, घटनेचा अहवाल भरून देतात. महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करा.

जिन्याचं खोटं लपवू नका. त्या वेळी तसं का सांगितलंत, हे शपथपत्रात स्वतःच लिहा. फोटो ज्या फोनवर काढले तो फोन जपून ठेवा, विकू नका. प्रिंट देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं.

मुलीला आणायला एकट्या त्या घरी जाऊ नका.

तिसरा_बाक (दुपारी २:१५)

मी या गोष्टीतला मुलगा आहे. आता चोवीस वर्षांचा. नऊ वर्षांचा असताना न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलावलं होतं. कोणतं पुस्तक वाचतोस, मित्र कोण, असं विचारत हळूच विचारलं, कुणाकडे राहायचंय? मी म्हटलं, बाबांकडे. बाबांनी काही शिकवलं नव्हतं. मला फक्त वाटत होतं की मी त्यांच्याजवळ असलो तर ते आईच्या मागे जाणार नाहीत. आई पडली की मी पाणी आणून द्यायचो, तेच माझं काम होतं.

सुदैवानं त्यांनी तिथेच ठरवलं नाही, समुपदेशकांकडे पाठवलं. चौथ्या भेटीत मी पाण्याचं सांगितलं.

तुमच्या मुलीचं ‘हो’ आणि ‘नाही’ ऐकून तिला तिकडेच राहायचंय असं समजू नका. पण काय सांगायचं हेही तिला शिकवू नका, काकू. फोनवर तिला काही विचारूच नका. तुम्ही ठीक आहात, धाकटा ठीक आहे, एवढं रोज सांगा. मला तेवढंच ऐकायचं असायचं.

अबोली३४ (रात्री १०:५०)

सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलं. काका, त्या वकिलांना वर्षभराच्या अटीचं विचारलं, ते म्हणाले, ‘ते आम्ही बघतो ना.’ भावाला ते पटलं नाही. उद्या आम्ही दोघं संरक्षण अधिकाऱ्यांकडे जातोय.

रेवाताई, वही सुरू केली. अकरा घटना लिहून झाल्या, चार तारखा पक्क्या आहेत. सहाव्या घटनेशी हात थांबला. त्या रात्री मुलगी दारात उभी होती, हे मी विसरले होते. तेही लिहिलं.

संध्याकाळी फोन झाला. मी काही विचारलं नाही. म्हटलं, मी ठीक आहे, बाळ ठीक आहे, तुझी निळी रंगपेटी माझ्याकडे जपून ठेवलीय. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ‘त्यातला पांढरा संपलाय.’

रेवा (रात्री ११:१०)

पांढरा आणून ठेव. उद्या तिथे अहवाल भरला की त्याची प्रत मागून घे. ती मिळाल्याशिवाय निघू नकोस.