मदत हवी आहे: आस्थापनेचं टेबल, निवृत्तिवेतनाची प्रकरणं कुठून हातात घ्यायची?

नवा_टेबलवाला:
मंडळी, सोलापुरात महापालिकेच्या आस्थापना शाखेत (कर्मचाऱ्यांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या) नेमणूक आहे. येत्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी समोर आहे, बहुतेक वर्ग 3 (लिपिक वगैरे) आणि 4 (शिपाई वगैरे) चे. सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या वहीत, आधी काय बघायचं? लेखापरीक्षणातून प्रकरण कशासाठी परत येतं?

आस्थापना_जुना:
यादीवर लगेच विसंबू नका, आधी तारखा ताडून घ्या. निवृत्तीचं वय वर्ग 4 ला 60, बाकीच्यांना 58. जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. शिपाई पदोन्नतीने लिपिक झाला की त्याला 58 लागू. यादी मूळ पदावरून काढली असेल तर तो मुदतीनंतरही कामावर राहतो, आणि त्या पगाराचं काय, हा वाद पुढे कितीतरी दिवस चालतो.

मग सेवापुस्तकाचं पहिलं पान. आपल्याकडे हे पान निवांत वाचावं लागतं. तेलुगू-कन्नड नावं मराठीत उतरताना दाखल्यावर ‘व्यंकटेश’, सेवापुस्तकात ‘वेंकटेशम’ आणि बँकेत तिसरंच काहीतरी. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागवू नका. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्राची प्रत लावून साक्षांकित नोंद घ्या. पत्नीचं नावही तसंच तपासा. कुटुंब निवृत्तिवेतन तिथे अडकतं, आणि तेव्हा खुलासा करायला कर्मचारी हयात नसतो.

जन्मतारीख बदलाचा अर्ज रुजू झाल्यापासून 5 वर्षांत यायला हवा. निवृत्तीच्या तोंडावर आलेल्यात वेळ घालवू नका.

लेखा_शाखा:
प्रकरणं परत येतात ती मुख्यतः तीन कारणांनी: सेवेतला खंड, राहिलेली वार्षिक पडताळणी (त्या वर्षीची सेवा तपासल्याचा सेवापुस्तकातला शेरा) आणि वेतननिश्चिती (नव्या वेतनश्रेणीत पगार ठरवणं).

विनापरवाना गैरहजेरी तशीच सोडलेली असेल तर सक्षम अधिकाऱ्याचा आदेश घेऊन ती नियमित करून घ्या. असाधारण (बिनपगारी) रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर असेल तर ती निवृत्तिवेतनासाठी सेवा धरली जाते, एरवी सहसा नाही. अर्जित रजेचा हिशेबही तिथेच चुकतो. 1 जानेवारी आणि 1 जुलैला 15-15 दिवस जमा होतात, पण आधीच्या सहामाहीत असाधारण रजा घेतली असेल तर तिचा दहावा हिस्सा वजा करायचा. शिल्लक रजेचं रोखीकरण, म्हणजे तिचे पैसे, जास्तीत जास्त 300 दिवसांचं.

वेतननिश्चिती 1 जानेवारी 2006 (सहावा वेतन आयोग) आणि 1 जानेवारी 2016 (सातवा) या दोन्ही टप्प्यांवर पडताळून घ्या. जादा वेतन गेल्याचं निघालं तर वसुलीचा आदेश घाईने काढू नका. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह (2014) या निकालानुसार वर्ग 3-4 चे कर्मचारी, निवृत्त झालेले आणि वर्षभरात निवृत्त होणारे यांच्याकडून अशी वसुली करता येत नाही. वेतन दुरुस्त करणं वेगळं, वसुली वेगळी.

नवा_टेबलवाला:
धन्यवाद सर. पडताळणीचा शेराच नसलेली वर्षं असतील तर? आणि रोजंदारीवर 2003 ला लागून 2007 ला कायम झालेल्याला कुठे धरायचं?

आस्थापना_जुना:
अभिलेख कक्षातून त्या वर्षांची वेतनदेयकं आणि हजेरीपत्रकं काढा. देयक सापडलं की त्यावरून शेरा लिहून अधिकाऱ्याची सही. नाहीच सापडलं तर कर्मचाऱ्याचं साध्या कागदावर लेखी निवेदन आणि पूरक पुरावा, म्हणजे त्या काळातले बदली आदेश, वेतनवाढीचे आदेश, सोबत काम केलेल्यांचे जबाब.

2007 वाल्याचा कायम नेमणुकीचा मूळ आदेश वाचा. नियुक्ती 1 नोव्हेंबर 2005 किंवा नंतरची असेल तर जुनं निवृत्तिवेतन सहसा लागू होत नाही. रोजंदारीची वर्षं धरायला स्वतंत्र आदेश किंवा न्यायालयाचा निकाल फाइलवर हवा. मनाने शेरा मारू नका, दोन्ही बाजूंनी अंगाशी येतं.

लेखा_शाखा:
कागद निवृत्तीच्या सहा महिने आधी लेखापरीक्षणात जातील असं बघा. विभागीय चौकशी चालू असेल तरी थांबू नका: तात्पुरतं निवृत्तिवेतन देता येतं, उपदान (ग्रॅच्युइटी) मात्र चौकशीचा निकाल लागेपर्यंत रोखलं जातं. ना-चौकशी प्रमाणपत्र (चौकशी चालू नसल्याचं) तुमच्याकडूनच मागतील, ना-देणं (काही येणं बाकी नसल्याचं) मात्र प्रत्येक विभागाकडून वेगळं. क्वार्टर असेल तर भाडं आणि पाणीपट्टीचंही.