प्रथमोपचाराचा भाग फक्त ऑनलाइन नको
पाळणाघरात काम करणाऱ्यांचं सगळंच प्रशिक्षण ऑनलाइन चालेल का, असं बरेच जण विचारतात. बालविकास, नोंदी, सुरक्षित झोप (बाळ उताणं, गादी घट्ट, उशी-दुलई नाही) हे खुशाल ऑनलाइन करा. प्रथमोपचाराचं तसं नाही. वर्षाखालच्या बाळाचा घास अडकला आणि त्याला खोकता-रडता येत नसेल, तर डोकं खाली धरून पाठीवर, खांद्यांच्या मधोमध 5 जोरदार थापा, मग उताणं करून छातीवर 5 दाब. पोट दाबायचं नाही, यकृताला इजा होऊ शकते. हे ऐकून पाठ होतं, हातात येत नाही. सीपीआरमध्ये (श्वास आणि हृदय थांबल्यावर छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा प्रयत्न) तर बाळाची छाती सुमारे 4 सेंमी खाली जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 दाब. बाहुलीवर सराव नसेल तर माणूस भीतीने वरवर दाबतो, किंवा दोन दाबांमध्ये छाती पूर्ण वर येऊ देत नाही. मग रक्ताभिसरण नीट होत नाही. त्यामुळे थिअरी ऑनलाइन, सराव समोरासमोर असा कोर्स बघा. व्हिडिओ न बघता नुसता पुढे सरकवून प्रमाणपत्र मिळत असेल तर तो सोडाच. आणि पैसे भरण्याआधी परवाना देणाऱ्या खात्याला ते प्रमाणपत्र चालतं का, हे लेखी विचारून घ्या.